सात शब्द आणि जावामधले सात दिवस

दिवस १, जकार्ता

रात्री मुंबईहून निघालो आणि सकाळी जकार्ताला उतरलो, मी आणि माझी मिरजेची मैत्रीण. मी सांगलीला ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तिचा मिरजेत दवाखाना आहे, ती मुसलमान, मी हिंदू, आणि अकरावीपासून आमची एक चर्चा चालू आहे जी दर वेळी अर्धवटच राहते. ज्या देशात बहुतेक लोक एकाच धर्माचे आहेत त्या देशानं आपल्या घटनेत त्या धर्माचं नाव लिहावं की नाही? इंडोनेशियाची निवड तिची. साधारण २८ कोटी लोक, त्यातले ८७ टक्क्यांच्या आसपास मुसलमान, जगात इतके मुसलमान असलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तरी घटनेत इस्लाम हा राज्याचा धर्म असं कुठेही लिहिलेलं नाही. का नाही, ते तिथं जाऊन बघू, असं ती म्हणाली आणि मी तिकीटं काढली.

विमानतळावर व्हिसाचे ५ लाख रुपिया भरले, हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि थेट मोनासला, म्हणजे तिथलं राष्ट्रीय स्मारक, १३२ मीटर उंच, टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली ज्योत. वाटेत रस्त्याच्या मधोमध अर्जुनाचा रथ लागतो, घोडे उधळलेले, मोठं शिल्प आहे, १९८७ पासून तिथं उभं आहे. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत उत्तरं आली की बघा ते अजून मनानं हिंदूच आहेत, त्यांच्या नोटेवर तर गणपती आहे. आता ही गणपतीची नोट १९९८ ची, २० हजार रुपियाची, ती चलनातून जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण मला जास्त खटकलं ते दुसरं. मैत्रिणीनं ते मेसेज वाचले आणि एवढंच म्हणाली, "अगं, त्यांनी अर्जुन ठेवला तर ते हिंदू, आणि मी मराठी बोलते तर मी कोण?" मला उत्तर सुचलं नाही आणि पुढचे सगळे दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला.

मोनासच्या आत एका दालनात भिंतीवर गरुड आहे, त्यांचं राजचिन्ह. पंखात १७ पिसं, शेपटीत ८, मानेवर ४५, म्हणजे १७ ऑगस्ट १९४५. पायात धरलेल्या पट्टीवर भिन्नेका तुंगल इका, चौदाव्या शतकातल्या मजापहित साम्राज्याच्या काळातले कवी म्पू तंतुलार यांच्या काव्यातली ओळ, वेगवेगळे तरी एक. त्याच दालनात पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या आवाजात स्वातंत्र्याची घोषणा ऐकवतात. शाळेची मुलं खाली बसून ऐकत होती, हिजाबातल्या मुली होत्या, बिनहिजाबाच्या होत्या, सगळ्या गप्प.

दिवस २, जकार्ता

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

सकाळी इस्तिकलाल मशीद. इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. डचांच्या एका जुन्या किल्ल्याच्या जागेवर, आणि समोर रस्ता ओलांडला की १९०१ चं कॅथेड्रल. जागा मुद्दाम अशी निवडलेली. मशिदीच्या आराखड्याची स्पर्धा झाली होती, परीक्षकांचे प्रमुख स्वतः सुकार्नो, आणि निवडला गेला तो आराखडा फ्रीडरिश सिलाबान या बातक ख्रिश्चन वास्तुकाराचा. १९६१ ला पाया घातला, १९७८ ला उद्‌घाटन. घुमटाचा व्यास ४५ मीटर, परत ते ४५. आता मशीद आणि कॅथेड्रलला जोडणारा एक भुयारी रस्ता पण केलाय, २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस आले तेव्हा तिथं गेले होते.

मैत्रीण खाली नमाजाला गेली, मला झगा दिला आणि वर नेलं. वरून बघताना ती एवढुशी दिसत होती त्या लाल गालिच्यावर. परत आली तेव्हा डोळे ओले होते. म्हणाली, आमच्याकडे बायकांना मशिदीत अशी जागा मी कधी बघितलीच नाही.

मग तिथल्या गाईड मुलीशी बोलताना एक वेगळीच गंमत कळली. धर्माला हे लोक म्हणतात आगामा, म्हणजे आपलं आगम. रोज्याला पुआसा, म्हणजे उपवास. पापाला दोसा, दोष. स्वर्गाला सुर्गा, नरकाला नेराका, पुण्याच्या फळाला पाहाला. म्हणजे एक इंडोनेशियन मुसलमान आपल्या अगदी आतल्या धार्मिक गोष्टी अर्ध्या संस्कृतातून बोलतो आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही, ते शब्द त्याचेच आहेत. मैत्रीण दिवसभर पुआसा, दोसा, पुटपुटत होती. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं नाही.

दुपारी इमाम बोंजोल रस्त्यावरचं संग्रहालय. हे एका जपानी नौदल अधिकाऱ्याचं घर, अ‍ॅडमिरल माएदांचं, १६ ऑगस्ट १९४५ च्या रात्री इथं बसून घोषणेचा मसुदा लिहिला. टेबलं, खुर्च्या, टाइपरायटर. पण आम्हाला हवं होतं ते पुढच्या दोन दिवसांतलं.

ते थोडं मागून सांगावं लागेल. स्वातंत्र्याच्या आधी एक समिती बसली होती की देशाचा पाया काय असावा. १ जून १९४५ ला सुकार्नोंनी पंचशीलाचं भाषण केलं, ते लोक पांचासिला म्हणतात (आपल्याला पंचशील म्हटलं की नेहरू आणि चीन आठवतं, हे ते नव्हे). मग नऊ जणांची एक छोटी समिती झाली, त्यात ए. ए. मारामिस एकटेच ख्रिश्चन, आणि २२ जूनला तडजोड ठरली तिला जकार्ता सनद म्हणतात. त्यात पहिलं तत्त्व ईश्वरावर श्रद्धा, आणि त्याला जोडून सात शब्द: देंगान केवाजिबान मेंजालांकान शरियात इस्लाम बागी पेमेलुक-पेमेलुकन्या. अर्थ असा की इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचं बंधन राहील. मैत्रिणीनं केवाजिबान वाचलं आणि म्हणाली, यात वाजिब आहे. आपलं वाजवी पण तिथूनच आलं.

हे सात शब्द सगळं काही ठरवणार होते. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि त्याच संध्याकाळी सुकार्नोंचे सहकारी मोहम्मद हत्ता यांना निरोप मिळाला की पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिश्चनांना हे शब्द मान्य नाहीत, ते राहिले तर ते नव्या देशात येणार नाहीत. देश एक दिवसाचा. १८ ला सकाळी बैठकीच्या आधी हत्तांनी मुस्लिम नेत्यांना बाजूला घेतलं. त्यांनी नंतर लिहिलंय की पंधरा मिनिटंही लागली नाहीत. पण त्यात एक माणूस होता ज्याला ते सोपं गेलं नाही. त्यांचं नाव की बागुस हादिकुसुमो ("की" ही तिथली आदराची उपाधी), मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेचे अध्यक्ष, जोग्जाचे, म्हणजे योग्याकार्ताचे, धार्मिक गृहस्थ. त्यांना तर सात शब्दही अपुरे वाटत होते, त्यातलं "अनुयायांवर" हे काढून टाका, इस्लाम सगळ्या राज्याचाच पाया असू दे, असं ते आधी समितीत मांडत होते. त्यांना शेवटी कास्मान सिंगोदिमेजो यांनी समजावलं, तेही जावानीज भाषेत, जी वडीलधाऱ्यांशी बोलायची आदराची भाषा असते तिच्यात. आणि त्यांनी मान्य केलं. सात शब्द गेले, त्यांच्या जागी आलं यांग महा एसा, एकमेव परमेश्वर. कुठल्याही एका धर्माचं नाव नाही, पण ईश्वर आहे.

त्या दालनात मी बराच वेळ उभी होते. आपल्याकडे १९४९ च्या ऑक्टोबरात घटना समितीत एच. व्ही. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी अशी सूचना मांडली होती, मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, पडली. मी हे वर्गात शिकवते. पण आपल्याकडे तो एका दुपारचा वाद होता, इथं त्या सात शब्दांवर देश फुटायची वेळ आली होती.

दिवस ३, जकार्ता ते जोग्जा

गांबिर स्टेशनवरून ट्रेन. ट्रेनचं नाव तक्सका, म्हणजे तक्षक! साधारण सहा-सात तास, चिरेबोन, पुर्वोकेर्तोवरून, खिडकीतून भातशेती, अगदी कोकणासारखी हिरवी, मधूनमधून कौलारू गावं आणि छोट्या मशिदी.

शेजारी एक तिशीतली प्राध्यापिका होती, हिजाब घातलेली, इंग्रजी छान, आणि पलीकडच्या सीटवर सत्तरीचे एक आजोबा, काळी पेची टोपी घालून. मी सहज जकार्ता सनदेचं काढलं आणि डब्यात चर्चाच पेटली, ती भाषांतर करत होती आणि मधेच स्वतःच भांडत होती.

आजोबांचं म्हणणं असं की ते सात शब्द परत यायला हवेत. मुसलमानांनाच लागू आहेत ना, मग इतरांच्या पोटात का दुखतं? आणि त्यांचा जो मुद्दा मला खरंच विचार करायला लावणारा वाटला तो हा की १९४५ ला सुकार्नोंनी सांगितलं होतं की ही घाईत केलेली तात्पुरती घटना आहे, नंतर निवांत बसून पक्की करू. मुसलमान नेत्यांनी त्या भरवशावर सोडलं. मग १९५५ ला निवडणूक झाली, बांडुंगला घटना समिती बसली, अडीच वर्षं बोलली, इस्लामचा पाया की पांचासिलाचा, दोन तृतीयांश मतं कुणालाच मिळेनात, आणि ५ जुलै १९५९ ला सुकार्नोंनी फर्मान काढून समितीच बरखास्त केली आणि १९४५ ची घटना परत लावली. फर्मानात एक वाक्य घातलं की जकार्ता सनद हा या घटनेचा आत्मा आहे. आजोबा म्हणाले, आत्मा दिला आणि शरीर काढून घेतलं. मला ते पटलं असं नाही, पण फसवलं गेल्याची ती भावना खोटी नव्हती, साठ-पासष्ट वर्षांनी पण त्यांचा आवाज चढत होता.

माझी मैत्रीण तोवर गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, मुसलमानांनाच लागू म्हणजे मलाच लागू ना. मग मी रोजा ठेवला की नाही हे बघायला पोलीस येणार? तो हिशेब माझा आणि अल्लाचा." प्राध्यापिकेनं भाषांतर करायला जरा वेळ घेतला. आजोबा म्हणाले आचेमध्ये आहे की, काय बिघडलं. आचे म्हणजे सुमात्राचं उत्तर टोक, तिथं खास स्वायत्ततेत शरियत लागू आहे, चौकात फटके मारायची शिक्षा पण. मैत्रीण म्हणाली, मी डॉक्टर आहे, फटक्यांनी काय बिघडतं ते मला ठाऊक आहे.

मग प्राध्यापिकेनं स्वतःच्या घरातलं सांगितलं आणि डबा शांत झाला. तिची आई १९८० च्या दशकात सरकारी शाळेत होती. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचा काळ, सगळ्या संघटनांनी पांचासिला हाच एकमेव पाया मानायचा असा कायदा, आणि १९८२ च्या गणवेशाच्या नियमामुळे शाळेत डोक्यावर स्कार्फ चालत नव्हता. आईनं काढायला नकार दिला, शाळा सोडावी लागली. १९९१ ला परवानगी मिळाली, तोवर आईचं लग्न झालेलं. आणि आता २०२१ ला पदांगमध्ये एका ख्रिश्चन मुलीवर सरकारी शाळेत हिजाबची सक्ती केल्याचं प्रकरण झालं, तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला की सक्तीही नको आणि बंदीही नको, तो सर्वोच्च न्यायालयानं काही महिन्यांत रद्द केला. ती म्हणाली, आधी पांचासिलाच्या नावानं माझ्या आईच्या डोक्यावरचं काढलं, आता धर्माच्या नावानं दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्यावर घालतात, दोन्ही वेळी मुलीला कुणी विचारलं नाही. आजोबांनी यावर काही म्हटलं नाही, पिशवीतून केळ्याचे चिप्स काढून आम्हा तिघींना दिले.

अहोकचा विषय पण निघाला. जकार्ताचे तेव्हाचे गव्हर्नर, चिनी वंशाचे ख्रिश्चन, २०१६ च्या डिसेंबरात त्यांच्याविरुद्ध मोनासच्या मैदानावर लाखो लोक जमले, २०१७ च्या मे महिन्यात धर्मनिंदेखाली दोन वर्षं शिक्षा. त्याच मैदानावर आम्ही परवा शाळेची मुलं बघितली होती. प्राध्यापिका म्हणाली तिनं त्या वेळी घरच्या ग्रुपवर बोलणंच बंद केलं होतं. मला लगेच आपले सगळ्यांचे ग्रुप आठवले.

दिवस ४, जोग्जा

सकाळी काउमान. राजवाड्याजवळचा मशिदीच्या मागचा मोहल्ला, गल्ल्या इतक्या अरुंद की मोटरसायकलवरून उतरून ढकलत न्यायची. १९१२ ला अहमद दहलान यांनी इथं मुहम्मदिया काढली, आज त्यांच्या शाळा, कॉलेजं, दवाखाने देशभर आहेत. दहलानांनी काय सांगितलं तर किब्ल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची, दिशा चुकलीये, मक्का या बाजूला नाही, थोडी त्या बाजूला. त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची छोटी प्रार्थनाघराची इमारत पाडली गेली. म्हणजे इस्लामचं काय करायचं हा वाद मुसलमान विरुद्ध बाकीचे असा कधीच नव्हता, तो सगळ्यात आधी याच गल्लीत, घरातल्या घरात होता. बायकांचं वेगळं प्रार्थनाघर पण आहे इथं, १९२० च्या दशकातलं, मैत्रीण तिथं आत जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही.

आणि याच काउमानमध्ये की बागुस हादिकुसुमो जन्मले. मला ते माहीत होतं तरी त्या गल्लीत उभं राहिल्यावर वेगळं वाटलं. हा माणूस उदारमतवादी नव्हता. त्याला खरोखर इस्लामी राज्य हवं होतं, मनापासून, ते त्याचं सत्य होतं. आणि त्यानं एका सकाळी, लांबच्या बेटांवरच्या, कधी न बघितलेल्या ख्रिश्चनांसाठी ते सोडलं. मला वाटतं आपण कौतुक चुकीच्या गोष्टीचं करतो. आपण म्हणतो जावाची माती सहिष्णू, रामायण आहे, गरुड आहे, म्हणून तिथला इस्लाम मवाळ. मातीनं काही केलं नाही. एका कडव्या श्रद्धावान माणसानं स्वतःच्या सगळ्यात प्रिय गोष्टीला मुरड घातली, त्याला दुखलं असणार, आणि १९५४ ला ते गेले तोवर तो पक्क्या घटनेचा शब्द कुणी पाळला नव्हता. राष्ट्रीय वीर म्हणून नाव जाहीर झालं २०१५ ला.

मैत्रीण म्हणाली, "आणि ज्यांच्यासाठी सोडलं त्यांना पुढं काय मिळालं ते पण लिही हं." बरोबर आहे. २००६ च्या नियमानं नवं चर्च बांधायचं तर ९० सभासद आणि शेजारच्या ६० लोकांचा पाठिंबा लागतो. २०११ ला चिकेउसिकमध्ये जमावानं अहमदिया या अल्पसंख्य पंथाच्या तिघांना ठार मारलं. ओळखपत्रावर धर्माचा रकाना आहे, मान्य धर्म सहा, आणि जुन्या स्थानिक श्रद्धा मानणाऱ्यांना तो रकाना २०१७ मध्ये घटना न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोराच ठेवावा लागायचा. ईश्वर मानत नाही असं लिहायची सोय नाहीच.

दुपारी सुलतानाची मोठी मशीद, १७७३ ची, घुमट नाही, तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर. पैगंबर जयंतीला तिच्या अंगणात गामेलान, म्हणजे तिथला पारंपरिक वाद्यवृंद, वाजवतात, सेकातेन म्हणतात त्याला.

संध्याकाळी प्रांबनानला रामायण नृत्य, मागे उजेडात शिवाचं ४७ मीटरचं देऊळ. सीता झालेली मुलगी नंतर बाहेर भेटली, हिजाब घालून स्कूटर काढत होती. मी फक्त सुंदर झालं म्हटलं, दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

दिवस ५, बोरोबुदुर

इथल्या भल्या मोठ्या बौद्ध स्तूपावर चढताना आता विणलेल्या चपला देतात, त्यांना उपानत म्हणतात, आपलं उपानह. १९८५ च्या जानेवारीत इथं बॉम्ब लावून नऊ स्तूप फोडले होते कट्टर लोकांनी, नंतर दुरुस्त केले. पाऊस आला, लवकर परतलो.

रात्री हॉटेलजवळ वायांगचा, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ बघितला. त्यांच्या महाभारतात युधिष्ठिराचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे कालिमासादा. लोक त्याचा अर्थ लावतात कलिमा शहादा, म्हणजे मुसलमानांचा कलमा. गोष्ट अशी सांगतात की धर्मराजाला मरण येत नव्हतं, त्या पोथीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारा भेटेपर्यंत, आणि शेवटी सुनान कालिजागा हा सूफी संत भेटला, त्यानं वाचलं, धर्मराज सुटला. मैत्रीण रात्री उशिरापर्यंत हेच बोलत होती. तिचे आजोबा मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकायला तिला खांद्यावर बसवून न्यायचे, आता घरातलेच काही जण म्हणतात ते गाणं चुकीचं.

दिवस ६, कुदुस

पहाटे गाडी केली, सेमारांगवरून चार-पाच तास. कुदुस हे नाव अल्‌ कुद्स वरून, जेरुसलेम. मशीद १५४९ ची आणि तिचा मिनार लाल विटांचा, सरळ सरळ देवळासारखा, वर छप्पर आणि नगारा. वजू करायच्या जागी आठ तोट्या, कुणी सांगतात बुद्धाचा अष्टांग मार्ग. मागे सुनान कुदुस या संतांची कबर, लोक बसून कुराण म्हणत होते, मैत्रीण त्यांच्यात जाऊन बसली.

सुनान कुदुस यांनी सांगितलं होतं म्हणे की इथं गाय कापायची नाही, शेजारी हिंदू आहेत, त्यांना लागेल. म्हणून इथलं सोतो म्हशीच्या मांसाचं किंवा कोंबडीचं. मशिदीजवळच्या टपरीवर बसलो, मी कोंबडीचं घेतलं, तिनं म्हशीचं, छोट्या वाटीत भातावर रस्सा, वर तळलेला लसूण. टपरीवाल्या मावशींना ड्रायव्हरमार्फत विचारलं, आता इथं हिंदू किती? हाताच्या बोटांवर, म्हणाल्या. मग अजून का पाळता? त्यांना प्रश्नच समजला नाही. ड्रायव्हरनं परत विचारलं. तेव्हा म्हणाल्या, सुनाननं सांगितलंय ना, आणि वाट्या विसळायला वळल्या.

दिवस ७, परत

सेमारांगहून जकार्ता, जकार्ताहून मुंबई. विमानात मैत्रीण म्हणाली की तिला अजून वाटतं घटनेत धर्म नको, पण आता ट्रेनमधल्या त्या आजोबांना ती मूर्ख म्हणणार नाही. मी म्हटलं मी वर्गात आता कामतांच्या सूचनेबरोबर त्या १८ ऑगस्टच्या सकाळचं पण शिकवणार. मग तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: ट्युनिस. ट्युनिशियानं २०१४ ला घटना केली तेव्हा इस्लामचं जुनं कलम तसंच ठेवलं, २०२२ ला दुसरी केली तेव्हा ते बदललं. "पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत," ती म्हणाली, "तू रजा टाक, मी दवाखान्यात बोर्ड लावते."